बदकाचा आवाज बसलाय, पण काळजी मादीची करा

वाचकाचं पत्र

आम्ही महाड तालुक्यात राहतो. घरी खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची जोडी आहे, दोन वर्षांची. मुलीने पिल्लं असल्यापासून वाढवली. गेले तीन आठवडे मादीचा आवाज घोगरा होत होत आता जवळजवळ गेलाच आहे. ती चोच उघडी ठेवून श्वास घेते, प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होते. खाणं निम्म्यावर आलंय, अंडं मात्र अधूनमधून देते. नराचाही आवाज बसलेलाच आहे, म्हणून दोघांना सर्दी झाली असं समजून मेडिकलवाल्याने दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पाण्यातून देतोय. फरक नाही. सासूबाई म्हणतात ओव्याची धुरी द्या. शेजारी बर्ड फ्लूची भीती घालतात. मुलगी विचारते की तिला पुन्हा पाण्यात कधी सोडायचं. आणि नवरा म्हणतो, तीनशे रुपयांच्या बदकासाठी कुठे दवाखाने फिरायचे! रात्री दोघांना पडवीत पेंढ्यावर ठेवतो. खायला भात, कोंडा, थोडी शेंगदाणा पेंड. काय करावं?

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी नराच्या गोळ्या बंद करा. आवाजाशिवाय त्याची दुसरी काही तक्रार तुम्ही लिहिलेली नाही, आणि आवाज ही तक्रार नव्हेच. नर बदकाचा आवाज तसाच असतो, घसा बसलेल्या माणसाने कुजबुजावं तसा. खणखणीत ‘क्वॅक क्वॅक’ करून वाडी जागी करते ती मादी. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत दोघं सारखीच चिवचिवतात, मग आवाज वेगळे होतात. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. श्वासनळी खाली छातीत जाऊन जिथे दोन फांद्यांत फुटते, तिथे तो तयार होतो. नर बदकात नेमक्या त्या जागी डाव्या बाजूला हाडाचा एक पोकळ फुगा असतो. त्याचा घोगरेपणा तिथला आहे आणि तो कुठल्याही औषधाने जायचा नाही.

मादीचं मात्र उलट. ज्या मादीचा आवाज दोन वर्षं मोठा होता आणि तीन आठवड्यांत गेला, तिच्या श्वासनळीच्या त्या दुभाजकापाशी काहीतरी जमतंय असा संशय घ्यायला हवा. तुमच्या सगळ्या पत्रात माझ्या दृष्टीने हेच सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. उघडी चोच आणि हलणारी शेपटी पुष्कळ आजारांत दिसते. आधी आवाज गेला आणि मग धाप लागली, हा क्रम थोड्याच आजारांत दिसतो, आणि त्यात पहिलं नाव बुरशीचं. पत्रावरून निदान होत नाही, ते डॉक्टरांनी तपासूनच करायचं. पण तुम्ही पुढे ‘पडवीत पेंढ्यावर’ असं लिहिलंत आणि माझा संशय बळावला.

कोकणातल्या पावसाळ्यात पेंढा कोरडा राहत नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. उडवीतला वरचा पेंढा पिवळा दिसतो, पण मधली पेंढी उपसली की राखाडी धूळ उडते आणि कुबट वास येतो. ती धूळ म्हणजे बुरशीचे बीजाणू. यातली ॲस्परजिलस फ्युमिगाटस नावाची बुरशी पक्ष्यांची मोठी वैरीण. बदकाच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. इतक्या उष्णतेत पुष्कळ बुरशा तग धरत नाहीत, ही मात्र आरामात वाढते. बीजाणू इतके बारीक की श्वासाबरोबर थेट आत खोलवर जातात. तसे ते हवेत सगळीकडेच असतात आणि धडधाकट बदक ते पचवतं. पण रोज रात्री दहा-बारा तास त्यातच चोच खुपसून झोपायचं म्हटलं तर कधीतरी पारडं फिरतं. हा आजार एका बदकाकडून दुसऱ्याला लागत नाही. धोका सामाईक अंथरुणाचा आहे. म्हणून नर आज ठणठणीत असला तरी त्यालाही त्या पेंढ्यावरून आजच उठवा.

गोळ्यांनी फरक का पडला नाही, तेही यातच आलं. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, बुरशीला त्याचा ढिम्म फरक पडत नाही. उलट विनाकारण लांबवलेल्या अँटिबायोटिकने बुरशीला मोकळं रान मिळू शकतं. त्यातून गोळी पाण्यात विरघळवून दिलेली. आजारी बदक पाणी कमी पितं, जे घेतं त्यातलंही निम्मं चोच हलवून सांडतं, त्यामुळे पोटात किती गेलं याचा हिशेब कुणालाच लागत नाही. मेडिकलवाल्याचा हेतू चांगला असेल, पण त्याने बदक पाहिलेलं नाही. गोळीचं पाकीट टाकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागेल.

पक्ष्याची छाती आपल्यासारखी चालत नाही, आणि हे कळलं की तिला हाताळताना काय टाळायचं ते आपोआप कळतं. पक्ष्याला श्वासपटल नसतं. फुप्फुसं फासळ्यांना चिकटलेली असतात आणि जवळजवळ हलत नाहीत. हवा खेळवायचं काम छातीपोटात पसरलेल्या नऊ पातळ पिशव्या करतात, लोहाराच्या भात्यासारख्या. आणि तो भाता हलतो छातीचं हाड पुढेमागे झाल्यामुळे. म्हणून बदकाला छातीवर घट्ट आवळून धरलं की त्याचा श्वास अडतो, नाक-तोंड उघडं असलं तरी. मुलीला हे नीट दाखवा: एक हात पोटाखाली, दुसऱ्याने पंख अलगद अंगाशी, मिठी नाही. बाजारात कोंबड्या नेतात तसं पायाला धरून उलटं तर कधीच नाही.

याच पिशव्यांमुळे औषधही अवघड होतं. त्यांच्या पडद्याला रक्तपुरवठा अगदी कमी असतो. बुरशी तिथे बसली की रक्तातून जाणारं औषध पुरेसं पोचत नाही, म्हणून डॉक्टर कधी कधी पोटातल्या औषधाबरोबर नेब्युलायझरनेही औषध देतात, दम्याच्या माणसाला देतात तसल्याच यंत्राने. बुरशीवरची औषधं म्हणजे इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, टर्बिनाफिन वगैरे. नावं एवढ्यासाठी लिहिली की डॉक्टरांनी लिहून दिली तर तुम्ही बिचकू नये. स्वतः आणून देऊ नका. मात्रा वजनावर ठरते, ही औषधं यकृतावर ताण आणू शकतात आणि कोर्स आठवड्यांचा, कधी महिन्यांचा असतो.

आता सासूबाईंची धुरी. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते, त्यामुळे त्यांना ती सुचणं स्वाभाविक आहे. पण पक्ष्याच्या श्वसनातून हवा आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षमपणे रक्तात जाते, आणि हवेबरोबर तिच्यातलं विषही. धूर, धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, कापूर, निलगिरीचं तेल यातलं काहीही तिच्या खोलीत नको. चुलीच्या वळचणीला उबेसाठी ठेवायचा विचार असेल तर तोही नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पिंजऱ्यातले पक्षी मिनिटांत मेल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा तिला स्वयंपाकघरातच नका ठेवू. उकळत्या पाण्याची वाफ देताना घाबरलेलं बदक फडफडतं आणि भाजतं. सासूबाईंना सांगा, डॉक्टरच वाफेचं यंत्र लावतील. त्यांचा मानही राहील आणि ते खोटंही नाही.

आजपासून करायचं ते असं. घरातली कोरडी, वारा खेळता असलेली, पण झोत न येणारी जागा निवडा. एक मोठं खोकं किंवा टोपली घ्या, तळाला धुतलेलं सुती कापड किंवा जुना टॉवेल अंथरा आणि तो रोज बदला. पेंढा नको, लाकडाचा भुसा नको, कोंडा नको. एका टोकाला बल्ब लावून २८-३० अंशांची ऊब द्या, दुसरं टोक मोकळं सोडा म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. धाप लागलेल्या बदकाला जास्त उष्णता नडते, कारण बदकाला घाम येत नाही आणि अंग थंड करायला त्याला धापाच टाकावी लागते. नराला दुसरीकडे नेऊ नका, मध्ये जाळी लावून शेजारीच ठेवा. एकटं पडलेलं बदक खाणं सोडतं.

पाणी उथळ ताटलीत देत असाल तर लहान बादली द्या, तिचं पूर्ण डोकं बुडेल इतकी खोल. बदकं पाण्यात डोकं घालूनच नाकपुड्या आणि डोळे साफ करतात. ती सोय नसली की नाकपुड्यांवर खपल्या धरतात आणि श्वास आणखी जड होतो. बादलीपाशी कुणीतरी बसा आणि नंतर बादली उचलून ठेवा, म्हणजे अंथरूण ओलं होणार नाही. ड्रॉपरने पाणी, काढा, मधाचं चाटण काहीही बळेच घशात घालू नका. बदकाच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. धापेत असताना चार थेंब तिकडे गेले तर बुरशीआधी तेच जीव घेतील.

खाण्यातली शेंगदाणा पेंड आज फेकून द्या. कोंडाही जुना असेल तर त्याच्यामागून. दमट पेंडीवर वाढणारी दुसरी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि पाळीव पक्ष्यांत त्याला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांत बदकं येतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिल्लंही मेली. शोध घेतला तेव्हा कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. या विषाचं नाव जगाला कळलं ते त्या प्रकरणातून. पेंड उन्हात वाळवून, भाजून किंवा धुऊन ते विष जात नाही. गाईला घालू, म्हणूनही ठेवू नका.

नुसत्या भाताने अ जीवनसत्त्व मिळत नाही, आणि त्याच्या कमतरतेने नाकाघशातलं आतलं अस्तर जाड आणि कमकुवत होतं. शेवग्याचा पाला बारीक चिरून, शिजवलेला लाल भोपळा कुस्करून, थोडं उकडलेलं अंडं असं मऊ खाणं थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. खाकी कॅम्पबेल मादीचं वजन साधारण दोन किलोच्या घरात असतं. रोज सकाळी त्याच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. हे काम मुलीला द्या, ती ते मनापासून करेल. पिसांमुळे बदक गुबगुबीत दिसतं आणि आत वाळत जातं, डोळ्यांना कळत नाही. हाताने छातीचं मधलं हाड चाचपा. ते सुरीच्या पात्यासारखं लागलं तर वेळ फार थोडा उरलाय.

आता दवाखाना. आधी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. तिथले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी बघतात, एकटं बदक घेऊन आलेलं कुटुंब पाहून एखादा हसेलही. हसू द्या. तुम्ही फक्त तीन गोष्टी सांगा: मादी आहे आणि आवाज गेलाय, पेंढा बुरशीचा होता, अमुक अँटिबायोटिक इतके दिवस देऊन उपयोग झालेला नाही. मग विचारा, हे बुरशीचं असू शकतं का आणि एक्स-रे कुठे होईल. एवढं ऐकून चांगला डॉक्टर पुढचं स्वतःच बोलू लागतो. तिथे सोय नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाची चौकशी करा, भोरमार्गे गेलात तर तेच तुम्हाला जवळ. वरंध घाट पावसात बऱ्याचदा बंद असतो, निघण्याआधी विचारून घ्या. मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. प्रवास पहाटे, चहूबाजूंनी भोकं पाडलेल्या खोक्यात. गोणीत घालून स्कूटरवरून नको.

एक्स-रे सुरुवातीला स्वच्छही येऊ शकतो, तेवढ्यावर ‘काही नाही’ म्हणून परत फिरू नका. रक्ततपासणी, श्वासनळीतला नमुना आणि जमल्यास दुर्बिणीने पाहणं यावरून चित्र स्पष्ट होतं. डॉक्टर इतर शक्यताही तपासतील. अधूनमधून अंडं देते म्हणालात, तर अंडं आत अडकूनही मादी अशीच धापते. तेव्हा ती कुंथते, पोट घट्ट लागतं. पोटात पाणी होऊन भात्याला जागा न उरणं हे एक, आणि खाचरात फिरणारी बदकं असतील तर नाकात शिरलेली जळू हे दुसरं. मान ताणून घरघर करू लागली, चोच किंवा जीभ निळसर-पांढुरकी दिसली, उभं राहता येईना, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी न्या.

बर्ड फ्लूबद्दल शेजाऱ्यांची भीती अगदीच हवेतली नाही. भारतातला पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. बदकं तर तो विषाणू कधी कधी काहीही लक्षण न दाखवता वागवतात. पण तो असा तीन आठवडे एकाच बदकाचा आवाज घालवत बसत नाही. तो आला तर आसपासच्या कोंबड्या एक-दोन दिवसांत पटापट मरतात, कावळे पडलेले दिसतात, माना वाकड्या होतात. तसं काही वाडीत दिसलं तर मेलेल्या पक्ष्याला हात न लावता, पुरायच्या किंवा कापून बघायच्या भानगडीत न पडता पशुसंवर्धन विभागाला कळवा. सध्या तुमच्याकडे तसं चित्र नाही. तरी बदकांना हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि घरात कुणाला ताप व कोरडा खोकला आला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरी आजारी बदक आहे’ हे सांगा, कारण बदकांकडून माणसाला लागणारे इतरही काही संसर्ग आहेत.

पडवीतला पेंढा काढताना कोरडा झाडू मारू नका, सगळे बीजाणू घरभर होतील. पाणी शिंपडून ओला करा, मास्क लावा, गोणीत भरून लांब न्या. घरात दमेकरी असेल तर त्याने त्या दिवशी तिथे फिरकू नये. पुढे बदकांना जमिनीपासून हातभर उंच बांबूच्या पट्ट्यांची फळी करा, वर रोज धुता येईल असं रबरी मॅट. पावसाची झड अडवायला गोणपाट लावलंत तरी वरची वीतभर जागा उघडी ठेवा. संध्याकाळी तिथे बदकाच्या उंचीला वाकून एकदा वास घ्या. डोळे चुरचुरले तर विष्ठेचा अमोनिया साठतोय, आणि ती बिचारी रात्रभर तोच वास घेते.

तुमचे यजमान म्हणतात ते बाजारभावाने बरोबर आहे, पण मुलगी बाजारभावाने विचार करत नाहीये. खर्चाची मर्यादा आधीच आपसात ठरवा आणि डॉक्टरांना ती मोकळेपणी सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही खोटी आशा देणार नाही. बुरशी हवेच्या पिशव्यांत पसरली असेल तर औषध देऊनही पुष्कळ बदकं जातात. लवकर सापडली तर वाचतात, पण आवाज पूर्ण परत येईलच असं नाही. दोन-तीन आठवडे नीट उपचार होऊनही वजन घसरत राहिलं आणि विश्रांतीतही धाप थांबली नाही, तर डॉक्टरांना तिला शांतपणे झोपवण्याबद्दल विचारा. मुलीला तेव्हा ‘बदक तळ्यावर गेलं’ असं सांगू नका. जिने पिल्लापासून वाढवलं, तिला खरं ऐकायचा हक्क आहे.

पाण्यात सोडायचं म्हणाल तर, बसलेली असताना चोच बंद, शेपटी स्थिर आणि वजन आठवडाभर टिकलेलं किंवा वाढलेलं, अशा तीनही गोष्टी जमल्या की डॉक्टरांना विचारून घंगाळात दहा मिनिटं, भर दुपारी, आणि मग टॉवेलने कोरडी. अशक्त बदकाच्या पिसांना पाणी धरतं, ते गारठतं आणि बुडूही शकतं, म्हणून ओढा इतक्यात नाही.

राहिली अंडी. गोळ्यांचा अंश अंड्यात उतरतो, आणि नराबरोबर मादीलाही गेले काही दिवस त्या चालू आहेत. तेव्हा तिचं अंडं घरात शिजवू नका, आणि शेवटच्या औषधानंतर किती दिवस टाकून द्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. वर मी तिला उकडलेलं अंडं द्यायला सांगितलंय ते कोंबडीचं, दुकानातलं. तिची स्वतःची खड्ड्यात पुरा. वाया जातात म्हणून शेजाऱ्यांकडे पाठवू नका, आधीच ते घाबरलेले आहेत.